पन्नास व्हायोलिनं आणि एक खुर्ची

"मधून लाव," शंकरप्पा म्हणाले.

सत्यमचा हात माऊसवरच थांबला. गाणं सुरुवातीपासून ऐकवायची त्याने सगळी तयारी केली होती. पंखा बंद केला होता, खिडकीला गोधडी लावली होती आणि खाली दुकानात जाऊन वडिलांना थोडा वेळ बादल्या आपटू नका अशी विनंतीही केली होती.

"काका, गाणं पहिल्यापासून ऐकायचं असतं."

"पोरा, उभा जन्म तूर घेण्यात गेला माझा. पोत्याच्या तोंडाशी समदेच चांगला दाणा ठेवतात. मधला दाणा खरं बोलतो. तू मधून लाव."

शंकरप्पांची लातुरात डाळ मिल होती. पोतं समोर आलं की कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि मधली मूठ बाहेर काढायची, ही त्यांची सवय सगळ्या आडत बाजाराला ठाऊक होती. ही सवय पुढे बाजारापुरती राहिली नाही. ते आंबे पाटीच्या तळातून काढत, पेपर मधल्या पानापासून वाचत. मुलीसाठी, सुकन्यासाठी, स्थळ आलं तेव्हा त्यांनी मुलाचे पहिल्या वर्षाचे गुण विचारले नाहीत, शेवटच्या वर्षाचेही नाहीत. मधल्या वर्षाचे विचारले आणि मग होकार दिला.

त्याच सुकन्याच्या लग्नासाठी हे गाणं होतं. हल्ली नवरी मंडपात येते तेव्हा चार भाऊ तिच्या डोक्यावर फुलांची चादर धरतात आणि तिच्यासाठी खास बनवलेलं गाणं वाजतं. सुकन्याने मैत्रिणीच्या लग्नात सत्यमचं एक गाणं ऐकलं होतं. म्हणून ती वडिलांना घेऊन थेट अहमदपूरला आली होती, सत्यमच्या वडिलांच्या, भागवतरावांच्या, प्लास्टिकच्या दुकानावरच्या या खोलीत. आजही दोघं तिथेच बसली होती. शंकरप्पांची अट एकच होती. पन्नास व्हायोलिनं पाहिजेत आणि असली पाहिजेत.

सत्यमचीही एक अडचण होती, ती म्हणजे ही खोली. लग्नसराईचा माल यायला लागला होता आणि भागवतरावांना बादल्या, टब ठेवायला जागा हवी होती. "पन्नास जण वाजवतात म्हणतोस," ते मुलाला म्हणत, "एकजण तरी जिना चढताना दाखव. रिकाम्या खोलीला काय मी कुलूप लावून पूजा करू?" शेवटी सत्यमच्या आईने, सिंधूबाईंनी, मध्ये पडून तोडगा काढला. लातूरच्या लग्नातलं गाणं लोकांना आवडलं तर खोली सत्यमची. नाहीतर दुसऱ्या दिवशी बादल्या वर.

आता पन्नास वादक जिना न चढता कसे वाजवतात, हे सावकाश समजून घेऊ. अवघड नाही. कुठेतरी दूरदेशी एका मोठ्या दालनात खरे वादक बसतात आणि एकेक सूर वाजवतात. तो सूर ध्वनिमुद्रित करून ठेवतात. मग अहमदपुरात बसून सत्यमने कीबोर्डची पट्टी दाबली की तो सूर वाजतो. असे सूर एकत्र करून विकतात, त्याला संच म्हणू. स्वस्त संचात प्रत्येक सूर एकदाच वाजवून घेतलेला असतो. शंभरदा दाबा, शंभरदा तसाच, धुतल्या ताटासारखा लख्ख. महागड्या संचात तोच सूर हळू वाजवलेला असतो, जोरात वाजवलेला असतो, लाडात आणि रागात वाजवलेला असतो. शिवाय त्यात दालनाचा घुमारा असतो, वादकाचा श्वास असतो, आणि कोणी सरसावून बसलं तर त्याच्या खुर्चीची कुरकुरही असते.

सत्यमने आजवर सरपंचांच्या प्रचारापासून पशुखाद्याच्या जाहिरातीपर्यंत सगळं त्या स्वस्त संचावर भागवलं होतं. या लग्नासाठी मात्र त्याने हौसेने महागडा संच आणला. तो सुरू केला आणि त्याच्या संगणकाला धाप लागली. थोडा वेळ व्हायोलिनं वाजत, मग पडदा गोठून जाई. पुष्कळ खटपट करून सुरुवातीचा भाग, म्हणजे नवरी चालत येते तेवढा, महागड्या संचात बसला. तिथून पुढे सत्यमने गुपचूप स्वस्त संच भरला. पोत्याच्या तोंडाशी एक दाणा आणि खाली दुसरा. ही तुलना त्याला तेव्हा सुचली नव्हती. ती आत्ता, माऊसवर हात ठेवल्यावर सुचली.

त्याने घाम पुसला आणि मधून लावलं.

शंकरप्पांनी डोळे मिटले, दोन बोटांत दाणा चोळून बघावा तशी बोटं चोळली आणि मान डोलावली. "हे असली हाय. एक खडा न्हाई यात."

सत्यम सुटला होता. त्याने तिथेच थांबायला हवं होतं. पण इतक्या हौसेने आणलेला संच कोणी ऐकलाच नाही, हे त्याच्या जिवाला लागलं. "काका, सुरुवात तर याहून भारी आहे," तो म्हणाला आणि त्याने पहिल्यापासून लावलं.

शंकरप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे कर्र काय वाजून राहिलं?"

"वादकाची खुर्ची आहे, काका. महागड्या संचात तीपण येते. म्हणजे खरी माणसं बसल्यासारखं वाटतं."

"खुर्चीचेबी पैसे लावले त्यांनी?"

भागवतराव चहा घेऊन नेमके तेव्हाच वर आले होते. "खुर्चीच पाहिजे होती तर मला सांगायचं," ते मुलाला म्हणाले. "खाली थप्प्या लागल्यात."

शंकरप्पांनी निकाल दिला. आयुष्यात पहिल्यांदाच तोंडाशी कचरा आणि मध्ये चांगला माल बघितला. तो वरचा काढ आणि मधलाच वरपर्यंत भर. सत्यम वही पुढे ओढून तसं लिहून घेणार, इतक्यात शेजारी बसलेली सुकन्या बोलली.

"अप्पा, मला सुरुवातच आवडली. कोणीतरी आपल्यासाठी श्वास रोखून बसलंय असं वाटतं."

"श्वास घ्यायला मांडवात हजार माणसं येणार हायत की."

"ती जेवायला येणार हायत, अप्पा."

बाप आणि लेक दोघंही एकाच मुशीतले. चहा गार झाला तरी कोणी मागे सरेना. शेवटी बाजाराच्या रीतीने ठरलं. इतवारी लातूरला घरी सगळे जमतील. सत्यमने दोन पूर्ण गाणी आणायची, एक सगळं सुरुवातीसारखं, एक सगळं मधल्यासारखं. कोणतं कोणतं ते सांगायचं नाही. नुसतं एक नंबर आणि दोन नंबर. घर म्हणेल ते गाणं वाजेल.

सत्यम आठवडाभर खपला. महागड्या संचाचं गाणं त्याने तुकड्यातुकड्यांनी करून जोडलं. ज्यांनी संगणकावर काम केलंय त्यांना पुढचं लगेच कळेल. पहिल्या, अर्ध्या-अर्ध्या गाण्याला त्याने 'लग्न फायनल' असं नाव दिलं होतं. नंतरच्या दोन गाण्यांची नावं झाली 'लग्न फायनल खरं' आणि 'लग्न फायनल एकदम खरं'. इतवारी सकाळी लातूरची एसटी फलाटाला लागल्याचा मित्राचा फोन आला. सत्यमने घाईघाईने लॅपटॉपवर गाणी उतरवून घेतली, त्यांना 'एक' आणि 'दोन' अशी नावं दिली आणि धावत बस पकडली.

शंकरप्पांच्या बैठकीत सगळं घर जमलं होतं. काका, काकू, आत्या, मिलचे दोन मुनीम आणि समोर गादीवर शंकरप्पांच्या आई, शिवम्मा. सगळे त्यांना अव्वा म्हणत. सत्यमने एक नंबर पहिल्यापासून लावला. बैठक शांत झाली. थोड्या वेळाने अव्वांनी हात वर केला.

"कोणाला तरी दम लागलाय. पाणी द्या त्याला."

"अव्वा, ते गाण्यात हाय," आत्या म्हणाल्या.

"मग गाण्यात न्हेऊन द्या. आणि त्याची खुर्ची बदला, मोडती हाय ती."

सत्यम मनात सुखावला. म्हातारीचे कान तयार आहेत, एक नंबर महागडा, हे कोणालाही ओळखू येईल. शंकरप्पा मात्र चुळबुळ करत होते. नवरीची चाल संपायच्या सुमाराला त्यांनी हात दाखवला. "बस. कळलं. आता दोन नंबर. हां, हे मधून लाव."

दोन नंबर मधून लागला. ना श्वास, ना खुर्ची. लख्ख. "आला बघा असली दाणा," शंकरप्पा म्हणाले आणि मुनिमांनी लगेच माना हलवल्या. आत्या आणि काकू सुकन्याकडे गेल्या. काका आधी एकाकडे होते, जेवणाचा वास आल्यावर दोनकडे सरकले. अव्वांचं म्हणणं एकच, कोणतंही घ्या पण त्या माणसाला आधी पाणी पाजा. मतं मोजून काही निघेना. आवाज चढले. सुकन्या शेवटी म्हणाली की एवढंच असेल तर ती मागच्या दाराने, गाण्याशिवाय येईल. शंकरप्पा म्हणाले की मग ते पुढच्या दारात उभेच राहणार नाहीत. आत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि या गोंधळात सत्यमची नजर लॅपटॉपच्या पडद्यावर गेली. 'एक' आणि 'दोन' यांची लांबी सारखी होती. तेही ठीकच. पण दोन्ही फाइलींचं वजनही शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं होतं आणि तारीखही तीच, मागच्या आठवड्यातली. म्हणजे घाईत एकच गाणं दोनदा उतरवलं गेलं होतं. समोर एक घर दोन पार्ट्यांत फाटलं होतं, आणि गाणं मुळात एकच होतं. सत्यमला डोळ्यांपुढे आपल्या खोलीत छतापर्यंत रचलेल्या निळ्या बादल्या दिसल्या.

"काका," तो कसाबसा म्हणाला, "एक सांगायचं होतं."

"तू मध्ये बोलू नको. तू कोणत्याच पार्टीत न्हाईस."

तेवढ्यात सुकन्याने आत्यांचे डोळे बघितले आणि तिचा राग उतरला. "अप्पा, माझी चाल संपेपर्यंत एक नंबर वाजू द्या. मी तुमच्यापाशी पोचले की तिथून तुमचा दोन नंबर. चालंल?"

शंकरप्पांनी लेकीकडे बघितलं. "माझ्यापाशी पोचलीस की," ते म्हणाले. त्यांनी मान हलवली. काकांनी पानं वाढायला सांगितली.

सत्यमला जेवण गेलं नाही. घरी येऊन त्याने ते गाणं उघडलं. एकाचा सुरुवातीचा भाग घ्यायचा, दोनाचा नंतरचा घ्यायचा आणि जोडायचं, हे काम त्याला करायचं होतं. पण आधी हे गाणं आहे कोणतं? त्याने कान देऊन ऐकलं. सुरुवातीला श्वास होता, खुर्ची होती. नवरीची चाल संपली आणि तिथून सगळं लख्ख. ते सगळ्यात पहिलं गाणं होतं, 'लग्न फायनल'. सुकन्याने एक नंबरात श्वास ऐकला होता तो खरा होता. अव्वांची खुर्ची खरी होती. मधून ऐकणाऱ्या शंकरप्पांचा असली दाणाही खरा होता. आणि एकाची सुरुवात, दोनाचा नंतरचा भाग जोडला की जे झालं असतं ते त्याच्यासमोर आधीपासून तयार पडलं होतं.

काही न करता ते पाठवून देणं सोपं होतं. पण सत्यमला ते बरं वाटेना. त्याने शंकरप्पांना फोन लावून सगळं सांगितलं: वर महागाचं, मध्ये स्वस्ताचं, फाइल एकच.

"म्हंजे तुझ्या खोलीत पहिल्या दिवशी ऐकलं तेच हे?"

"हो काका."

"मग मी उगंच इतवारी एवढ्या लोकांना पुरणपोळी घातली." आणि मग शंकरप्पा हसायला लागले, ते खोकला येईपर्यंत हसले. "घरात कोणाला सांगू नको. दोन्ही पार्ट्या जिंकल्यात. असा निकाल बाजारात कधी लागत न्हाई."

लग्नाच्या दिवशी मंडप गच्च भरला होता. फुलांची चादर वर उचलली गेली, पहिलं व्हायोलिन उठलं आणि हजार माणसं आपोआप गप्प झाली. सुकन्या एकेक पाऊल टाकत आली. पहिल्या रांगेत बसलेल्या अव्वांनी शेजारणीला सांगितलं की त्या माणसाला अजून कोणी पाणी दिलेलं दिसत नाही. सुकन्या वडिलांपाशी पोचली तसा सूर लख्ख झाला. शंकरप्पांनी डोळे पुसत व्याह्यांना कोपर मारलं. "इथून माझा माल सुरू."

सत्यम खांबापाशी उभा होता. त्याचं लक्ष गाण्याकडे नव्हतं, नवरीकडेही नव्हतं. ते तिसऱ्या रांगेत, खोलीचा निकाल लावायला आलेल्या भागवतरावांकडे होतं. त्यांनी गाण्याच्या सुरुवातीलाच एकदा चमकून मागे बघितलं होतं, मग आपल्या खुर्चीखाली, मग शेजाऱ्याच्या खुर्चीखाली.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या, अक्षता पडल्या. पंगतीकडे जाताना भागवतराव मुलापाशी आले.

"ती खुर्ची कर्र वाजली ती इथली नव्हं. इथल्या समद्या प्लास्टिकच्या हायत, मी बघितलं. लाकडी होती ती."

"हो बाबा. गाण्यातली."

"म्हंजे माणसं बसतात तिथं खरी."

"बसतात."

भागवतरावांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला.

"इतक्या लोकांना उठवून तिथं बादल्या कशा ठेवाव्या," ते म्हणाले. "जिन्याखाली बघतो जागा."