नदाफ सरांचा थरांचा भात

नदाफ सरांसमोर चिक्की खायची सोय नाही. शिराळ्याच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायला नवीनच रुजू झाले होते. मधल्या सुट्टीत चिक्की तोंडात घालणार, तोच भूगोलाच्या या गृहस्थांनी माझ्या हातात दात कोरायची काडी ठेवली. "आवं बाई, फोडायची न्हाई. खाण हाय ती. गूळ न मोडता दाणा भाईर काढायचा." सुट्टी संपेपर्यंत मला अर्धा दाणा मिळाला. "आता खड्डा बुजवा," सर म्हणाले.

खरा सोहळा शुक्रवारी. सर घरून भलंमोठं पातेलं आणत. तळाला काळपट मसाला, त्यावर पांढरा भात, मग हळदीचा पिवळा, वर तळलेला कांदा. सगळ्या पोरांना चालावा म्हणून बिनमटणाचा. "मारा रं बोअर!" म्हटलं की मुलं पारदर्शक नळी भातात खुपसून वर काढायची आणि आतले थर वहीत रेखाटायची. वाटाणा म्हणजे खनिज. बटाटा म्हणजे कातळ, तिथं नळी अडायचीच. "तळाचा थर सगळ्यात जुना, ध्यानात ठेवा," सर बजावत. मग अख्खी खाण फस्त.

पुढे वर्गात मुंग्या झाल्या. त्यातली एक मुख्याध्यापकांच्या सदऱ्यात शिरली आणि वर्गात भात बंद झाला.

त्या शुक्रवारीही सर पातेलं घेऊन आलेच. शाळा सुटल्यावर ते तसंच भरलेलं स्कूटरला बांधत होते.

"बंदी आहे ना, सर? मग केलात कशाला?"

"हात ऐकत न्हाई, बाई. आमची घरवाली रझिया गेल्यापास्नं मीच शिजवतोय. तिनं शिकवलं ते पंगतीएवढं. एकट्यापुरतं बी करून बघितलं." दोरीची गाठ आवळत ते म्हणाले, "एकट्याच्या भाताला थरच पडत न्हाईत."

 मला मुख्याध्यापकांचा राग आला. सोमवारी मी नदाफ सरांच्या वर्गातल्या मुलांना एवढंच म्हटलं, "बंदी वर्गात आहे. शाळेमागच्या कातळावर आहे, असं मी तरी ऐकलेलं नाही."

शुक्रवारी मुलांनी सरांना पातेल्यासकट ओढत कातळावर नेलं. मागोमाग मीही गेले. तिथं सगळ्यांचे डबे उघडून ठेवलेले. कुणाचं पिठलं, कुणाची मटकीची उसळ, कुणाचा नुसता भात.

"सर, तळाला तुमचा थर," वर्गातली सुवर्णा म्हणाली. "जुना तुमच्याकडंच हाय. वर आमी घालतो."

सरांनी झाकण काढलं. मुलं नळी धरून हुकमाची वाट बघत राहिली, पण सर झाकण हातात धरून एकेक डबा न्याहाळत होते.

शेवटी मीच ओरडले, "मारा रं बोअर!"