माळकऱ्याचा केक

धर्मादादांचा केक खाताना त्यांच्याकडे बघायचं नाही, असं मी नव्या माणसाला आधीच सांगून ठेवत असे. कारण ते तुमच्याकडे बघत असत. समोर हातभर अंतरावर, कमरेवर हात ठेवून, थेट तुमच्या तोंडाकडे. घास या गालातून त्या गालात गेला की त्यांची नजरही जाई. तुम्ही "वा, काय झालाय!" म्हणायला लागलात की हात वर करून थांबवत. "बोलू नका. नुसतं खावा. तोंड खोटं बोलतं, गाल नाय बोलत."

कारण साधं होतं. केकात अंडी असत, ब्रँडी असे, आणि धर्मादादा माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून त्यांनी सुकटाचा तुकडासुद्धा तोंडात घातला नव्हता. म्हणजे ज्यांच्या केकाला अख्ख्या रसायनीत तोड नाही असं लोक म्हणत, त्यांना स्वतःचा केक कसा लागतो हे ठाऊकच नव्हतं. त्यांचं सगळं शिक्षण दुसऱ्यांच्या गालांवर झालं होतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचे हे एका कंपनीच्या गेस्ट हाऊसची व्यवस्था बघत आणि आमचं क्वार्टर त्याला लागूनच होतं. धर्मादादा मोहोपाड्याजवळच्या एका गावचे. भातशेती होती, ती कारखान्यात गेली आणि बदल्यात गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघरात नोकरी मिळाली. तिथे एक गोव्याचा आचारी होता, त्याच्याकडून ते केक शिकले. आचारी पुढे नोकरी सोडून गेला, केक राहिला.

माझ्या माहेरी अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. त्यामुळे रसायनीत आल्यावर पहिला तुकडा मी बिनअंड्याचा समजून खाल्ला. आत अंडी आहेत आणि वर ब्रँडीही आहे हे नंतर कळलं. मी रागावले, बरंच बोलले, आणि मग आणखी एक तुकडा मागितला. धर्मादादा म्हणाले, "वयनी, तुमी भांडत व्हतात तवाच मी दुसरा कापला." तेव्हापासून प्रत्येक केकाची चव घ्यायला मी. या पदासाठी दुसरं कुणी इच्छुक असेल तर त्याला मी उभं करून घेतलं नाही.

गेस्ट हाऊसमध्ये चांगला विजेचा ओव्हन होता. धर्मादादा त्यात मिठाच्या पिशव्या ठेवत. वीज कधी जाईल याचा नेम नसे आणि अर्धा फुगलेला केक खाली बसला की ते दिवसभर कुणाशी बोलत नसत. त्यांचा विश्वास तुसाच्या शेगडीवर. भाताच्या गिरणीतून तूस आणायचं, पत्र्याच्या डब्यात ठासून भरायचं, मधे धुराड्यासारखं भोक ठेवून पेटवायचं. वर पातेलं, पातेल्यात पाताळगंगेची वाळू, वाळूत केकाचा डबा, आणि झाकणावर निखारे. केक निवला की दाभणाने भोकं पाडून चमच्याचमच्याने ब्रँडी मुरवायची. बाटली उघडण्याआधी ते गळ्याभोवती पंचा घट्ट गुंडाळत.

"हे कशाला?" मी एकदा विचारलं.

"माळेला दिसू नाय."

"आणि वास?"

त्यांनी थोडा विचार केला. "वासाचं तिचं ती बघंल," म्हणाले, आणि बूच काढलं.

ब्रँडी येई आमच्या ह्यांच्या दारूच्या परवान्यावर. हे सुपारीसुद्धा न खाणारे. पण खोपोलीच्या दुकानात दर थोड्या दिवसांनी बाटली घेताना दिसत, त्यामुळे कॉलनीत त्यांच्याबद्दल हळहळ होती. मला एकदोघींनी बाजूला घेऊन धीरही दिला.

धर्मादादांचा गोतावळा मोठा. साखरपुडा असो, हळद असो, पुतण्या मॅट्रिक झालेला असो, केक पोचलाच पाहिजे. म्हाताऱ्या बायका तर वाट बघत असत. एक तुकडा खाऊन "सांधं कसं मोकळं झालं गं बाय" म्हणत आणि दुसऱ्या गुडघ्यासाठी दुसरा तुकडा मागत. गावच्या भजनी मंडळाचे बुवा एकदा जाब विचारायला आले, की माळ घालून हे काय चाललंय. धर्मादादा शांतपणे म्हणाले, "बुवा, मी करतो. खातो कुठं?" बुवा आल्या पावली परत गेले. धर्मादादांच्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी स्वतः काय खाल्लं होतं ते त्यांना आठवलं असावं.

या सगळ्या केकांपलीकडे एक केक होता, तो झालेलाच नव्हता. धर्मादादांची एकुलती लेक चंद्री साजगावला दिलेली. तिचं लग्न झालं त्याच वर्षी त्यांनी चिनी मातीची एक बरणी भरली. काजू, बदाम, बेदाणे, चारोळी, वरून ब्रँडी. तोंडाला फडकं बांधून घरातल्या वरच्या फळीवर ठेवली आणि जाहीर केलं, "ही चंद्रीच्या पोराच्या बारशाला काढायची." जरा आटली की ते वरून भर घालत. घरी येणाऱ्या प्रत्येकाला बरणी दाखवत. जितकं मुरेल तितकं चांगलं, असं म्हणत.

वर्षं गेली. चंद्रीला मूल झालं नाही. धर्मादादा भर घालत राहिले.

आधी चंद्री सणासुदीला येऊन आठवडाभर राहायची. मग दिवाळीपुरती यायची. मग सकाळी येऊन संध्याकाळी परत. आणि शेवटी यायचीच बंद झाली. धर्मादादा कारणं सांगत. टेंपो मिळत नाय, जावयाची पाळी बदलली, सासूचा गुडघा दुखतो. ते स्वतः साजगावला जात, तेव्हा "येते आबा" म्हणायची. यायची मात्र नाही. एक दिवस आमच्या ओट्यावर बदाम सोलता सोलता त्यांनी विचारलं, "वयनी, माज्या हातून काय चुकलं असंल का वो?" एरवी तोंडाचा पट्टा चालू असलेली मी, परात पुढे ओढून त्यांच्याबरोबर बदाम सोलायला लागले.

उत्तर त्यांच्या बायकोने दिलं. काशीबाई अगदी कमी बोलणाऱ्या. मी त्यांच्याकडे तांदूळ घ्यायला गेले होते. त्या सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या आणि धर्मादादा स्टुलावर चढून बरणीत भर घालायच्या तयारीत होते.

"वतू नका," काशीबाई म्हणाल्या.

"का गं?"

"पोर ऱ्हायाला आली की हातरून कुठं घालतो तिचं? त्या फळीखाली. सकाळी डोळं उघडलं की वर बरणी. कशी येल ती?"

धर्मादादा हातात बाटली घेऊन स्टुलावर तसेच उभे. "मंग आदी का नाय सांगितलंस?"

"तुमी एवढ्या हौसेनं भरता," काशीबाई म्हणाल्या आणि पुन्हा पाखडायला लागल्या.

त्यानंतर पुष्कळ दिवस त्यांनी केकच केला नाही. मग एका सकाळी पंचा गुंडाळून दारात हजर. चंद्रीच्या धाकट्या जावेला मुलगा झाला होता, त्याचं बारसं होतं. त्यालाच बरणी काढायची होती. "तुमी बरोबर चला," म्हणाले. "मला शेरातली बाई लागंल." कशाला, ते सांगितलं नाही.

बाहेर काढलेली ती फळं काळीभोर झाली होती आणि वासानेच डोळ्यांत पाणी आलं. केक मांडीवर घेऊन ते टेंपोत साजगावपर्यंत अवघडून बसले.

बारशाच्या घरी गर्दी होती. पाळण्याभोवती लेकुरवाळ्या बायका जमलेल्या. चंद्री त्यांच्यात नव्हती. तिला कुणी वाईट बोललं नव्हतं, नुसतं चुलीपाशी भाकऱ्या करायला बसवलं होतं. ती आम्हाला बघून हसली आणि पुन्हा पीठ मळायला लागली. मला इतका संताप आला की हातातली पिशवी मी जरा जोरातच खाली ठेवली.

पाळण्यात घालून झालं, नाव ठेवून झालं. चंद्रीच्या सासूबाई केक कापायला सुरी घेऊन आल्या. धर्मादादांनी केकावर हात ठेवला.

"असा नाय कापायचा. याची रीत हाय."

"कसली रीत?"

"ज्याच्या हातचा केक, त्याच्या लेकीनं पयला कापायचा. तिनं बाळंतिणीला भरवायचा. मंग बाकीच्यांनी. सायबांच्यात तसंच असतंय."

"आमी तर नाय ऐकलं बा असलं काय."

"इचारा ना ह्या वयनींना. शेरातल्या हायेत."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. असली रीत जगात कुठेही नव्हती. ती त्यांनी टेंपोत बसल्या बसल्या रचली असणार. मला का आणलं ते तेव्हा कळलं. "हो तर," मी म्हणाले. आणि तोंड उघडलंच आहे तर पुरतं खोटं बोलावं म्हणून पुढे सांगितलं, "आणि कापताना बाळ तिच्याच मांडीवर लागतं. नाहीतर केक कापून उपयोग काय?"

धर्मादादा माझ्याकडे बघतच राहिले. एवढं त्यांनी रचलं नव्हतं.

सासूबाईंनी सुरी केकाशेजारी ठेवली. मग त्यांनी चुलीकडे हाक मारली, "चंद्रे, हात धू गं. इकडं ये." चंद्री आली, पाटावर बसली. जावेनेच पाळण्यातून बाळ काढून तिच्या मांडीवर दिलं. चंद्रीने एका हाताने त्याला सावरलं आणि दुसऱ्या हाताने केक कापला. पहिला तुकडा तिने जावेला भरवला. जाऊ म्हणाली, "तूही घे ना गं," आणि तिने त्यातलाच अर्धा तिला भरवला. मी पदराने डोळे पुसले. बरणीचा वासच तसा होता, असं मी शेजारणीला सांगितलं.

चंद्रीला पुढेही मूल झालं नाही. धर्मादादांनी त्या फळीवर पुन्हा काही ठेवलं नाही.

बारशानंतरच्या शिमग्याच्या सुमारास एकदा कामाच्या वेळी धर्मादादा आमच्या दारात आले. अंगात कामाचे कपडे नव्हते, घरचाच सदरा होता. म्हणाले, "सायबांना सांगा, मी आज येत नाय. उद्या पण नाय. चंद्री आलीय ऱ्हायाला."

"अरे वा! मग आज काय, मोठा केक?"

"नाय वो. काय करत नाय आज," ते म्हणाले. "ती बोलतेय. मी नुसता बसलोय."

आणि घाईघाईने परत गेले.