डॉक्टर टेंभ्यांची मोरकी

आमच्या चिंचवडच्या गल्लीत रोज संध्याकाळी दोन जीव तोंडाला मोरकी बांधून बसायचे. एक धोंडिबाचा खोंड आणि दुसरे दातांचे डॉक्टर टेंभे. दोघांत खोंड जरा नाराज दिसायचा.

पिंपरीला औषधांचा कारखाना तेव्हा नवा नवा उभा राहिला होता. मी तिथं नुकताच चिकटलो होतो आणि डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. डॉक्टर ओट्यावर पेपर वाचत बसलेले. मानेमागून कापडी पट्टा, पट्ट्याला गालावरून आलेली जाड तार, आणि तारेची टोकं ओठांतून आत, वरच्या दाढांना. पट्टा दाढांना मागं ओढणार, जागा होणार, मग पुढं आलेले दात आत बसणार. गावाला या शोधाची इतकी निकड होती, की दवाखान्यातल्या बाकावर आम्ही पत्ते खेळायचो.

"आधी मागच्यांना सरकवा!" हे डॉक्टरांचं पालुपद. नाकातून, मान ताठ ठेवून. हा आवाज मी हुबेहूब काढायचो. कारखान्यात त्यावर मला चहा फुकट. एस.टी.च्या दारात गर्दी झाली, की डॉक्टर कंडक्टरला तेच ऐकवणार. एका लग्नात तर त्यांनी पंगत मागं सरकवता सरकवता शेवटचे दोघं पानांसकट गोठ्यात नेऊन बसवले.

एकदा धोंडिबा गाल धरून आला. "काडा की वो दाढ, डाक्टर!"

"काढायची कशाला? मागं नेऊ!"

"मागं कुटं न्हेता? मागं तर घसा हाय!"

धोंडिबा तसाच उठला आणि न्हाव्याकडून दाढ उपटून आला.

खरी पेशंट एकच, डॉक्टरांची मुलगी सिंधू. बारा-तेराची पोर, आई नाही. वरचे दात इतके पुढं, की तोंडावर हात धरूनच हसायची. पुढं पुढं तर हसायचंच सोडलं. डॉक्टरांनी तिला पट्टा बांधून दिला. पहिल्याच संध्याकाळी ती ओट्यावर आली आणि पोरांनी गिल्ला केला, "सिंधीला मोरकी! सिंधीला मोरकी!" तिनं पट्टा उपसून भिरकावला तो थेट धोंडिबाच्या कौलांवर. "नाही बांधणार म्हणजे नाही बांधणार!"

"पोर वाढतीय तोवरच दाढा ऐकतात रे," डॉक्टर मला म्हणाले. "एकदा वय गेलं, की संपलं." त्या दिवशी आवाज नाकातून येत नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी डॉक्टरच मोरकी बांधून ओट्यावर हजर! "माझ्याही दाढा मागं न्यायच्यात," म्हणाले. गल्लीला आयतंच गिऱ्हाईक मिळालं. सिंधूला सगळे विसरले.

मग मी कसला मागं राहतोय? एकदा सायकलच्या ट्यूबचा पट्टा केला, तोंडाला बांधला आणि त्यांच्याच ओट्यापुढं उभा राहिलो. "आधी मागच्यांना सरकवा!" पोरं लोळायला लागली. डॉक्टरही हसले. हसता हसता त्यांना सणसणीत शिंक आली, आणि तार, पट्टा, वरचे सगळेच्या सगळे दात मांडीवरच्या पेपरात येऊन पडले.

कवळी! वरच्या जबड्यात दाढ सोडा, साधा दातही नव्हता. मग इतके महिने हा माणूस मागं काय नेत होता?

तेवढ्यात आतून सिंधू आली. मानेला तोच कौलांवर भिरकावलेला पट्टा, गालावर तार, सगळं नीट बांधलेलं. तिनं कवळी उचलली, परकराला पुसली आणि बापापुढं धरली.

"लावा बाबा. आपली काढायची वेळ कुठं झालीय अजून?"

आणि ती हसली. हात खालीच होता.

डॉक्टरांनी बोळक्या तोंडानंच कवळी हातात घेतली. मग ते ओट्यावर मागं सरकले, पार भिंतीला पाठ टेकेपर्यंत, आणि पुढं तिला जागा करून दिली.