घुबडवाल्यांच्या बाजूचा ठराव

लिंबाजीबद्दल लिहायचं मी सात-आठ वर्षं टाळलं. कुणी त्याचं नाव काढलं की मी चहाचा विषय काढायचो. आता पासष्टी जवळ आली आहे. तीस वर्षं ग्रामसेवक म्हणून मी गावोगावच्या नोंदी केल्या. त्यातली एक मी मुद्दाम केली नाही. तीच आता उठता-बसता आठवते आणि स्वतःचा संताप येतो.

लिंबाजी हा चकलांब्याच्या बाजूला माझ्याकडे जे गाव होतं, तिथला ऊसतोड कामगार. पन्नाशी ओलांडलेला, अंगाने वाळका, आवाज मात्र कारखान्याच्या भोंग्यासारखा. लोक दारावर गणपती काढतात, शुभ-लाभ लिहितात. याने निळ्या ऑइलपेंटने भलंमोठं घुबड काढून घेतलं होतं. समोरची म्हातारी रोज सकाळी ते पाहून कडाकडा बोटं मोडायची. गल्लीने पुसायला सांगितलं, तर हा कोयता मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसला.

"ज्याला भ्याव वाटतंय त्यानं मागल्या दारानं जावं," म्हणाला.

ते घुबड म्हणजे एका परदेशी कार्टून कंपनीचा शिक्का. सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यावर घुबड येतं, एक डोळा उघडतं, मग दुसरा. कंपनीचं खरं नाव लिंबाजीच्या जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून ते 'घुबडवाले'. ते एकेक चित्र हाताने काढायचे. त्यांची मोठी प्रतिस्पर्धी कंपनी सगळं कॉम्प्युटरवर करायची आणि तिच्या शिक्क्यात पतंग उडायचा. ते 'पतंगवाले'. लिंबाजी त्यांचं नाव घेताना आधी बाजूला थुंकायचा.

"भाऊसाहेब, पतंगवाल्यांचं काम हार्वेस्टरचं हाय. जल्दी होतंय, चकाचक दिसतंय, पन पाचटासगट समदं गाडीत जातंय. घुबडवाले कोयत्यानं तोडतेत. बुडाला. साखर बुडातच आसती."

एका सकाळी तो ग्रामपंचायतीत आला तो तणतणतच. पतंगवाल्यांनी घुबडवाल्यांना विकत घेतलं होतं. दोन्ही कंपन्या एक होणार होत्या.

"होऊ दे की. तुझं काय गेलं?" मी म्हणालो.

"कावून होऊ द्यावं? दोन कारखाने एक झाले की दोन्हीची धुराडी चालू ऱ्हाल्याली तुमी कुटं बगितली का? एक बंदच पडतंय. आन कोनचं पडतंय ते मला सांगू नका."

त्याच्या फोनवर 'घुबड मंडळ' नावाचा ग्रुप होता. तो सोडून सहा सभासद. सगळे पूर्वी गावच्या शाळेतल्या हंगामी वसतिगृहात राहिलेले, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मागे राहिलेली मुलं. आता ती मोठी होऊन पांगली होती. लिंबाजी त्यांचा अॅडमिन. मंडळात त्या दिवशी जुंपली. एकजण म्हणाला, बरं झालं, मोठ्या कंपनीच्या जिवावर मोठे सिनेमे येतील. दुसरा म्हणाला, आता सगळं एकाच अॅपवर दिसेल. माजलगावात मोबाइलचं दुकान टाकलेल्या तिसऱ्याने पतंगाचं चित्र टाकून वर अभिनंदन लिहिलं. लिंबाजीने तिघांनाही काढून टाकलं.

"निम्मं मंडळ गेलं की रे," मी म्हणालो.

"जाऊ द्या. फितूर हायेत."

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा होती. पाण्याची टाकी झाली, घरकुलाची यादी झाली, त्यावरची भांडणं झाली. 'ऐनवेळचे विषय' म्हणून सरपंचांनी आळस देत इकडे तिकडे पाहिलं, तोच लिंबाजी उठला.

"अध्यक्षांच्या परवानगीनं. पतंगवाल्यांनी घुबडवाल्यांना गिळू नये आन हातानं चित्रं काढनाऱ्या मान्सांना कामावरून काढू नये, आसा या गावाचा ठराव घ्यावा. आन त्यांना धाडावा."

मारुतीच्या पारावर हशा पिकला. सरपंच म्हणाले, "घ्या बे घ्या, आपल्या खिशातलं काय जातंय. करा हात वर." झाडून सगळ्यांनी हात वर केले. कुणी दोन्ही केले. लिंबाजी मान ताठ करून उभा होता. त्याला तो हशा ऐकू आलाच नाही.

ग्रामसभेनंतर दोन दिवसांनी मी इतिवृत्ताच्या वहीत सगळे ठराव नीट उतरवले. लिंबाजीचा सोडून. मला निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. पंचायत समितीचे साहेब तपासणीला येणार, घुबडाचा ठराव वाचणार आणि तालुकाभर माझं हसं होणार, एवढीच माझी भीती. त्या पानाच्या तळाशी चार ओळींची जागा मात्र उरली होती.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण लिंबाजी दर बाजाराच्या दिवशी यायचा. "भाऊसाहेब, ठराव कुटवर गेला?" मी सांगायचो, पंचायत समितीत गेला. मग सांगितलं, बीडला गेला. मग मुंबईला गेला. माझा शिपाई तोंडावर फाइल धरून हसायचा आणि मला ते आवडायचं. आज हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग एक दिवस त्याची बायको आली. गोदाबाई. कधी फारसं न बोलणारी बाई. दारातच उभी राहिली.

"भाऊसाहेब, त्या ठरावाचा कागद हाय ना खरंच?"

"का हो?"

"परमाला धाडायचाय." परमा म्हणजे परमेश्वर, त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्याकडे कंपनीत. "आमी तोडीला जायचो तवा पोरगं वसतिगृहात. पाडव्याला परत आलो की आमाला वळखायचं, पन बोलायचं न्हाई. बापाकडं तर बगायचं बी न्हाई. गुर्जींनी टीवीवर घुबडाचा शिनेमा लावल्याला, तेवडंच एक त्याच्या तोंडात. मग ह्यांनी फडावर एका ड्रायवरकडून त्यो शिनेमा घेतला, पाठ केला आन त्याच्यासंगं बोलाय लागले. आजबी फोनवर दोगं तेच बोलतेत. दुसरं काय बोलाय गेलं की पोरगं गप होतंय. आता परमा म्हनतोय, घुबडवाले संपले बाबा, आता काय बोलायचं. ह्यांनी सांगितलं, थांब, आपल्या गावानं ठराव धाडलाय."

मी तिला सांगितलं, कागद आहे. तिने पदराने डोळे पुसले नाहीत की काही नाही. फक्त "बरं" म्हणाली आणि गेली.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. वही कपाटात होती, चार ओळींची जागा तशीच होती. मी लिहिलं नाही. एकदा खोटं बोललेल्या माणसाला खरं लिहायला का जड जातं, त्याची कारणं मी देणार नाही. कारण एकच, मी भित्रा होतो.

पुढच्या ग्रामसभेची सुरुवात रिवाजाप्रमाणे मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झाली. एरवी ते कुणी ऐकत नाही, लोक तंबाखू मळत बसतात. त्या दिवशी लिंबाजी धुवट सदरा घालून पहिल्या रांगेत होता. हातात फोन, माझ्यावर रोखलेला. माझ्या आवाजातला ठराव रेकॉर्ड करून तो परमाला पाठवणार होता. मी टाकी वाचली, घरकुल वाचलं आणि वही मिटली.

"भाऊसाहेब, माजा ऱ्हायला."

"असा ठराव झाल्याची नोंद नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यभर वापरलं. फार उपयोगी वाक्य आहे.

"न्हाई कशी? समद्यांनी हात वर केलते." तो शेजारच्या सोपानकडे वळला. "तू केल्ता का न्हाई बे?"

"म्या मच्छर हाकलत व्हतो," सोपान म्हणाला.

मग काय विचारता. "सपनात झाला आसंल, लिंबाजी," असं सरपंचही म्हणाले. लिंबाजीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. दारातल्या घुबडासाठी कोयता काढणारा माणूस, मला वाटलं आता वही हिसकावून घेईल. घेतली असती तर बरं झालं असतं. त्याने फोन खाली केला, अंगठ्याने काहीतरी पुसलं आणि खाली बसला. त्यानंतर तो माझ्याकडे कधी आला नाही.

सोपानचा, सरपंचांचा मला अजून राग येतो. पण ते थट्टा करत होते. मी कामावर होतो.

निवृत्तीनंतर मी गेवराईत राहायला आलो. गेल्या वर्षी स्टँडवर लिंबाजी दिसला. दोन पोती, गोदाबाई आणि एक उंच तरुण. मी वळणार होतो, पण गोदाबाईने पाहिलं. तिने तोंड फिरवलं. तो तरुण मात्र पुढे आला आणि पाया पडला.

"भाऊसाहेब ना तुमी? मी परमेश्वर. आईबाबाला पुण्याला घेऊन चाललोय. तुमी ठराव धाडला व्हता ना आमचा? बाबा लई सांगतेत. रेकॉर्डिंग बी करनार व्हते, पन फोनची मेमरी भरली म्हनं."

मी लिंबाजीकडे पाहिलं. तो आधीच बांधलेलं पोतं पुन्हा सोडून बांधत होता.

"भाऊसाहेबांनी त्यांच्याकडनं काय कमी केलं न्हाई," तो पोत्याकडे बघतच म्हणाला. "पतंगवालेच माजलेत. साधी पोच दिली न्हाई."

परमेश्वर माझ्याकडे बघत होता. आता बोलायची वेळ होती.

"हो," मी म्हणालो. "पाठवला होता."

गाडी लागली. चढता चढता बापलेकांचं सुरू झालं. परमेश्वर म्हणत होता, नव्या सिनेमात घुबड कोपऱ्यात बारीक करून टाकलंय आणि एकच डोळा उघडतंय. लिंबाजी भोंग्याच्या आवाजात त्या पतंगवाल्यांच्या सात पिढ्या काढत होता. अर्धी गाडी मागे वळून बघत होती.

गाडी सुटेपर्यंत मी त्याच्या खिडकीखाली उभा होतो. त्याने एकदा खाली पाहिलंही. मला एवढंच म्हणायचं होतं: लिंबाजी, माझं चुकलं. तुझा ठराव झाला होता. एकेचाळीस हात वर होते. मी स्वतः मोजले होते.