मानवी चेहरा, सहा वाजून वीस मिनिटं

हेमचंद्रांनी कॅमेरा घ्यायचं ठरवलं तेव्हा पद्मिनीला वाटलं, बाजारात जातील आणि घेऊन येतील. सव्वीस वर्षांच्या संसारानंतरही माणसाचे असले गैरसमज शिल्लक राहतात. हेमचंद्र लखनऊजवळच्या एका संशोधन संस्थेत आंब्याचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या घरातली चहाची पावडरसुद्धा तीन पुडे आणून, कपांना नंबर देऊन, डोळे मिटून चव घेऊन ठरली होती. हा तर कॅमेरा.

आणि तेही दोन. दोन्ही कोटाच्या खिशात मावतील एवढे, पण आतला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी पट्टी, नेहमीच्या छोट्या कॅमेऱ्यांपेक्षा चांगली ऐसपैस. काळा होता जगदीशचा. जगदीश रेल्वेत इंजिनिअर, ऑफिस चारबागला, आणि भावाने परदेशातून पाठवलेला कॅमेरा त्याला काढून टाकायचा होता. त्याला झूम नव्हता. जवळून फोटो हवा असेल तर आपल्या पायांनी चालत जवळ जायचं. रुपेरी होता हजरतगंजमधल्या एका दुकानदाराचा. त्याच्या मलिहाबादच्या बागेतले तुडतुडे हेमचंद्रांनी घालवले होते, म्हणून त्याने पंधरा दिवस वापरायला दिला. ह्याला झूम होता, आणि मोहोराच्या एकेका फुलात तो नाक खुपसायचा.

सगळे सांगत होते की चेहऱ्याला आणि कमी उजेडाला काळा घ्या, फुलं, किडे आणि लांबच्या पक्ष्यांना रुपेरी. पण सगळे सांगतात हा काही पुरावा नव्हे. हेमचंद्रांनी वही काढली आणि शेतातल्या प्रयोगासारखा प्रयोग आखला. काळा तो त्यांच्या भाषेत उपचार एक, रुपेरी तो उपचार दोन. गट चार: फूल, कीटक, बाग आणि मानवी चेहरा. प्रत्येक गटात प्रत्येक कॅमेऱ्याचे वीस फोटो, आणि आधी कोणता कॅमेरा उचलायचा ते चिठ्ठ्या टाकून. प्रयोग पूर्ण होईपर्यंत फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे नाहीत, कुणी बघायचेही नाहीत. फोटो कुठल्या कॅमेऱ्याचा हे कळलं की मत दूषित होतं, असं त्यांचं म्हणणं.

"मानवी चेहरा कुणाचा?" पद्मिनीने विचारलं.

"ऑफिसातला चौकीदार तयार आहे."

"माझा काढा," पद्मिनी म्हणाली. "मला फोटो हवाच आहे. पाडव्याला."

ही गोष्ट खरं म्हणजे हेमचंद्रांच्या आधीच लक्षात यायला हवी होती. पद्मिनी दोन वर्षं तिथल्या मराठी मंडळाची अध्यक्ष होती आणि पाडव्याला पायउतार होणार होती. पायउतार झालेल्या अध्यक्षाचा फोटो हॉलच्या भिंतीवर लावायचा मंडळाचा रिवाज. भिंतीवर अकरा फोटो होते, अकराही पुरुष, आणि त्यातले नऊ जण फोटोग्राफरवर खटला भरायच्या तयारीत असल्यासारखे बघत होते. बारावी चौकट पद्मिनीची. पण घरात तिचा फोटोच नव्हता. कॉम्प्युटरवर अकरा हजार फोटो, त्यात पानांवरचे डाग होते, खोडातल्या अळ्या होत्या, एकाच अळीचे चौसष्ट होते. बायकोचा एकही नाही. हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. पण ह्या वेळी तिला तो हवा होता, आणि नवऱ्यानेच काढलेला हवा होता.

चौकीदाराचं नाव वहीतून खोडलं गेलं.

दोन हजार चौदा सालच्या त्या मार्चमध्ये थंडी लांबली होती, त्यामुळे मोहोरही लांबला. फूल, कीटक आणि बाग हे तीन गट यथासांग पार पडले. मानवी चेहऱ्याची पाळी आली ती पाडव्याच्या आधीच्या शनिवारी. सोमवारी पाडवा. शनिवारी संध्याकाळपर्यंत फोटो फ्रेमवाल्याकडे पोचवायचा, कारण रविवारी त्याचं दुकान बंद.

पहाटे दोघं मलिहाबादला निघाली. पद्मिनीने पांढऱ्यावर पांढरं चिकनकाम असलेली साडी नेसली होती. बागेत एका खाटेवर तिला बसवून हेमचंद्रांनी सूचना दिल्या. हलू नकोस. हसू नकोस, हसण्याचं प्रमाण प्रत्येक फोटोत सारखं राहत नाही. कॅमेऱ्याकडे बघू नकोस, कसलाही विचार करू नकोस.

पहिल्या सूचना अवघड होत्या, शेवटची सोपी निघाली. कुठेतरी लांब पाण्याचा पंप सुरू झाला. मोहोराचा वास इतका दाट होता की बसल्या बसल्या झापड यावी. मधमाश्या गुणगुणत होत्या, वरून बारीक बारीक फुलं गळत होती. ऊन अजून उन्हासारखं झालं नव्हतं, नुसताच पिवळा उजेड फांद्यांमधून हळूहळू खाली उतरत होता. पद्मिनी त्याच्याकडे बघत राहिली. आपण कुठे बसलोय, कशाला बसलोय, मंडळ, फ्रेमवाला, सगळं तिच्यापासून जरा लांब गेलं, आणि तिला फार बरं वाटलं.

इकडे हेमचंद्र मोठ्याने आकडे म्हणत होते. नऊ. दहा. अकरा. अकरानंतर आकडे थांबले. कॅमेऱ्याचा आवाज येत होता पण आकडे येत नव्हते. चिठ्ठ्यांचा डबा गवतात कलंडला, तोही कुणी उचलला नाही. मग एकदा आवाज झाला आणि हेमचंद्र कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याकडे नुसते बघत उभे राहिले.

"आला का?" पद्मिनीने विचारलं.

"आला."

"बघू."

"नाही. अजून मूल्यमापन व्हायचंय."

"माझंच तोंड बघून माझं मत दूषित होणार आहे का?"

नियम म्हणजे नियम, असं ते म्हणाले. पण हे म्हणतानाही ते त्या पडद्याकडेच बघत होते, म्हणून तिने जास्त ताणलं नाही.

नऊच्या सुमारास दोघं घरी आली. आता पुढचं नीट समजायला हवं असेल तर ह्या घरातल्या दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली अशी, की महत्त्वाची वस्तू कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवायची, कारण वरच्या कप्प्यांत बाटल्यांमधल्या अळ्या असतात. दुसरी अशी, की मुलगी कौमुदी लखनऊतच जन्मली, लखनऊतच वाढली. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला मराठी सगळं कळतं असं तिचे आईवडील समजत होते आणि ती स्वतःही समजत होती. उत्तर मात्र ती हिंदीत द्यायची.

हेमचंद्रांनी दोन्ही कॅमेऱ्यांतली कार्डं काढून टेबलावर ठेवली आणि ते हातातोंडाचा चिकटा धुवायला न्हाणीघरात गेले. मोहोराखाली तासभर उभं राहिलेल्या माणसाला दोनदा साबण लावावा लागतो. त्यांच्या डोळ्यांत साबण असताना बाहेरून कौमुदीचा आवाज आला.

"पापा, ये दोनों कार्ड?"

"खाली ठेव."

"दोनों?"

"हो गं, दोन्ही."

कौमुदी जरा थबकली. पोरगी गुणी होती, खात्री केल्याशिवाय कुठलंही काम करायची नाही. "पूरा खाली?"

"अगदी खाली. मी आलोच."

कौमुदीने एकेक कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि खाली केलं. म्हणजे हिंदीत खाली केलं. पुसून, रिकामं करून, पुन्हा तपासून तिने ती टेबलावर जिथल्या तिथे ठेवली आणि ती कॉलेजला गेली.

हेमचंद्रांनी काळ्या कॅमेऱ्यात कार्ड घातलं. एकही फोटो नाही. रुपेरीत घातलं, तिथेही तेच. दुसरा कुणी असता तर ओरडला असता. हेमचंद्रांनी वही उघडून लिहिलं की दोन्ही उपचारांत एकाच वेळी बिघाड, संभाव्य कारण उष्णता. मग ते कारण पडताळायला त्यांनी दोन्ही कॅमेरे छताच्या पंख्याकडे रोखून ठेवले आणि कार्डं भरेपर्यंत पंख्याचा व्हिडिओ काढला. पंखा दोन्हींत उत्तम आला. त्यामुळे ते अधिकच गोंधळले.

दुपारी कौमुदी घरी आली तेव्हा उलगडा झाला.

"आपने ही तो कहा था, खाली रखो," ती म्हणाली.

"खाली म्हणजे खाली. कप्प्यात."

"तो नीचे बोलते ना, पापा."

आपल्याच घरात आपण काय बोलावं हे लखनऊने ठरवलं, असं हेमचंद्रांना वाटलं. कौमुदी रडकुंडीला आली आणि म्हणाली की पुसलेले फोटो परत आणणारी दुकानं असतात, फक्त नंतर त्या कार्डावर काही काढलेलं नसलं म्हणजे झालं. हेमचंद्रांनी पंख्याकडे पाहिलं. तरीही ते दुकान शोधत गेले. तिथल्या माणसाने दोन तास खटपट करून रुपेरीच्या कार्डातला एक तुडतुडा जिवंत केला. काळ्याच्या कार्डात पंख्याखेरीज काही उरलं नव्हतं.

ते घरी आले तेव्हा साडेपाच वाजले होते. जगदीश आपला कॅमेरा घेऊन गेला होता, कारण त्याला पाडव्याच्या कार्यक्रमाचे फोटो काढायचे होते. मंडळाचे चिटणीस दिनकरराव यांचे तीन फोन येऊन गेले होते. हेमचंद्र रुपेरी घेऊन पद्मिनीसमोर उभे राहिले. सकाळी बसली होतीस तशीच बस, उजेड आहे अजून, असं काहीतरी ते पुटपुटले.

"नको," पद्मिनी म्हणाली.

"मग स्टुडिओत जाऊ."

"स्टुडिओत फोटो काढून मिळतो हे मला माहीत नव्हतं का?" तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "सव्वीस वर्षांत एकदा तुम्ही माझ्याकडे धड बघितलंत. आणि काय बघितलंत ते मला दिसलंही नाही."

रविवार कसाबसा गेला. हेमचंद्र वही उघडत होते आणि मिटत होते.

सोमवारी सकाळी हॉलच्या दाराशी गुढी उभी राहिली, कडुलिंब वाटून झाला. शिष्टाचार म्हणून बोलावलेला हजरतगंजचा दुकानदारही आला होता. हेमचंद्रांनी त्याचा रुपेरी तिथेच त्याला परत केला. अकरा फोटोंना हार घातलेले होते, आणि बारावी चौकट रिकामी. दिनकरराव शिस्तीचे माणूस. त्यांनी माइकवरून सांगितलं की पद्मिनीताईंचा फोटो काही घरगुती कारणाने उपलब्ध झालेला नाही. घरगुती कारण म्हटल्यावर सत्तर माणसं एकदम जागी झाली. कुणीतरी मागून विचारलंही, नक्की काय झालं? पद्मिनी पहिल्या रांगेत मान खाली घालून साडीच्या काठाशी चाळा करत बसली होती.

हेमचंद्र उठले. मंडळात ते आजवर एकदाच बोलले होते, मिलीबग नावाच्या किडीवर, आणि लोकांनी ते अजून माफ केलं नव्हतं. त्यांनी माइक घेतला आणि वही उघडली.

"फोटो काढला होता. तो माझ्या चुकीने गेला. नोंद वाचतो. विषय, मानवी चेहरा. पद्मिनी, वय एक्कावन्न." इथे बायकांच्या बाजूला जरा खळबळ झाली. "शनिवार. सहा वाजून वीस मिनिटं. उजेड डावीकडून. झाड दशहरी आंब्याचं, मोहोर सत्तर टक्के उमललेला."

त्यांनी पान उलटलं. पुढे कोरं होतं. त्यांनी वही मिटली.

"पुढचं लिहिलेलं नाही, पण मला पाठ आहे. ती माझ्याकडे बघत नव्हती, वर फांद्यांकडे बघत होती. कानामागून एक पांढरी बट सुटली होती आणि तिच्यावर मोहोराची दोन फुलं पडली होती. मी झटक म्हणायला हवं होतं, प्रयोगात तसं चालत नाही. पण मी म्हटलं नाही. ओठ थोडेसे उघडे होते, आता काही सांगेल असे. डोळ्यांत तो पिवळा उजेड होता. मला आकडे म्हणायचं सुचेना." ते थांबले. "तशी ती आधीही दिसत असणार. रोजच दिसत असणार, चहा देताना वगैरे. मी बघत नव्हतो. फार सुंदर दिसत होती. फोटो असता तर तुम्हाला दिसलं असतं. एवढंच सांगायचं होतं."

मीनाक्षीताई म्हणून एक बाई होत्या, त्या नवऱ्याकडे अशा बघत होत्या की तो उठून पाणी प्यायला गेला. पद्मिनीची मान आता वर होती.

मग जगदीशने हात वर केला. इंजिनिअर माणूस, त्याला राहवेना. "हेमचंद्रराव, पण हा फोटो काळ्याने काढलेला की रुपेरीने?"

हेमचंद्र विचारात पडले. वही पुन्हा उघडून त्यांनी ते पान वरपासून खालपर्यंत तपासलं. एवढ्याशा चुकीसाठी त्यांनी विद्यार्थ्यांचे प्रबंध परत पाठवले होते.

"नोंद केलेली नाही," ते म्हणाले.

आणि पद्मिनी हसली. मोकळी, मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या वेळी काळा जगदीशच्या गळ्यात होता आणि रुपेरी दुकानदाराच्या मांडीवर, आणि दोघंही तिच्याकडे बघत राहिले. कॅमेरा उचलायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

बारावी चौकट फार दिवस रिकामी ठेवणं दिनकररावांना पटणारं नव्हतं. त्यांनी मंडळाच्या सहलीच्या एका ग्रुप फोटोतून पद्मिनीला कापून काढलं आणि मोठं करून लावलं. ती त्यात धूसर आली आहे, डोळे अर्धवट मिटलेले आहेत, आणि डाव्या बाजूला सरलाताईंचा अर्धा कान आणि समोसा आहे. नवे सभासद बिचकतात. हा बदलून टाका, दुसरा चांगला द्या, असं दर पाडव्याला कुणी ना कुणी सुचवतं.

पद्मिनी ऐकत नाही. "राहू दे तो," ती म्हणते. "माझा खरा फोटो सगळ्यांनी ऐकलाय."