नरोटे सरांचा लांडगा

मुजीबभाईंच्या गॅरेजच्या नव्या शेडचं उद्घाटन होतं. मंडप घातला होता, पेढे वाटले जात होते, आणि नरोटे सर मान वर करून मंडपाच्या बांबूंकडे बघत होते. पेढा तोंडात टाकून ते प्रसन्नपणे म्हणाले, "देअर इज अ डेंजर दॅट धिस पंडाल मे कोलॅप्स."

मुजीबभाईंना इंग्रजी येत नाही, पण 'डेंजर' कोणालाही कळतं. "शुभ बोला की सर! आज तरी!"

"शुभच बोललो. 'मे' म्हणालो. 'विल' म्हणालो असतो तर तुमी पळायचं."

बीडमधल्या ज्या क्लासमध्ये नरोटे सर आणि मी इंग्रजी शिकवतो, तो मुजीबभाईंच्या गॅरेजच्या वरच्या मजल्यावर आहे. सर स्पर्धा परीक्षेच्या मुलांना व्याकरण शिकवतात, मी बोलायचं इंग्रजी. हा एक विनोदच आहे, कारण मी मुळात बोलत नाही. वर्गात बोलते, कारण तिथं बोलण्याचा पगार मिळतो. बाकी वेळ मी ऐकते. दोन वर्गांमध्ये प्लायवूडचं पार्टिशन आहे, त्यामुळे ऐकण्यासाठी वेगळे कष्ट लागत नाहीत.

मी इंग्रजी माध्यमात शिकले. 'मे' कुठं आणि 'माइट' कुठं, हे माझ्या कानाला कळतं. कारण विचारलं की मी खडू शोधायला लागते. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आय ॲम अफ्रेड दॅट ही विल फॉल, का मे फॉल, का माइट फॉल?" मी म्हटलं, "तिन्ही चालतं." पार्टिशनच्या पलीकडे सरांचा खडू थांबला. मला तो थांबलेला ऐकू आला. मग त्यांनी स्वतःच्या वर्गाला, पण माझ्या वर्गाला पोहोचेल अशा आवाजात सांगायला सुरुवात केली.

"पोरांनो, समजा लांडगा हाय. वाघराला दात लावून उभा हाय, तर 'विल'. खालच्या ओढ्यापर्यंत आलाय, तर 'मे'. अजून बालाघाटाच्या डोंगरापलीकडं बसलाय, अन् आपल्याला उगंच इकडं घाम फुटलाय, तर 'माइट'."

"आन् 'कुड', सर?"

"'कुड' म्हणजे लांडग्याला पळता येतं. आज पळायची इच्छा हाय का, ते त्यालाच माहीत."

"'शुड'?"

"ते म्हातारं लांडगं. 'लेस्ट'च्या मागनं यायचं. आता पुस्तकातच ऱ्हातं. दिसलं तर नमस्कार करा."

वाघर म्हणजे रानात मेंढरं बसवतात, त्यांच्याभोवतीचं जाळं, हे वर्गात कुणालाच सांगावं लागलं नाही. फक्त मला लागलं असतं. मी विचारलं नाही. महिनाभरानं त्यांच्याच एका उदाहरणातून ते कळलं.

सरांची सगळी उदाहरणं मेंढरांची असत. कळप रस्त्यावर येऊ शकेल, अशी भीती. कोकरू मागं राहील, असा धोका. पण वर्गाबाहेर त्यांचा लांडगा कुठंही दिसायचा. शेअर रिक्षात बसले की ते चालकाच्या खांद्यामागून म्हणायचे, "देअर इज अ पॉसिबिलिटी दॅट द बफेलो मे टर्न." एका रिक्षावाल्यानं वैतागून विचारलं होतं, "सर, उतरता का म्हैस होऊन तुमीच वळता?"

इंग्रजीतच का, याचं त्यांचं उत्तर तयार होतं. एकदा चहा पिताना मुजीबभाईंनी छेडलं, "सर, आमच्यात बी म्हणतात, जबान काळी नसावी. तुमी तर दिवसभर वंगाळच बोलता."

"मुजीबभाई, आमच्या घरातली वास्तू 'तथास्तु' म्हणते. जे बोलाल ते. आई लेकराला काय म्हणती? पळू नको, पडशील! वास्तू म्हणती तथास्तु. पोरगं पडलंच. आता तीच आई 'यू माइट फॉल' म्हणाली असती तर? वास्तू तथास्तु कशाला म्हणंल? 'माइट'ला. म्हणजे पडणं बालाघाटापलीकडंच राहिलं."

"आन् वास्तूला इंग्रजी येतं?"

सरांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "येत नसंल तर आणखीच बरं."

"मग गप्प बसावं माणसानं."

"गप्प कसं? वाईटाला नजरंत ठेवावं लागतं. चांगल्याचं काय, ते आपसूक येतं अन् जातं."

मला हे सगळं गमतीचं वाटायचं, माझी पाळी येईपर्यंत. एका सकाळी मी स्कूटी लावत होते, तर सर वरच्या खिडकीतून म्हणाले, "मॅडम, देअर इज अ रिस्क दॅट युअर ओढणी माइट गेट कॉट इन द व्हील." खाली मुजीबभाई, त्यांचे कारागीर, पंक्चरला आलेली दोन माणसं, सगळ्यांनी माझ्या ओढणीकडे पाहिलं. मी ओढणी गोळा करून वर निघून गेले. संध्याकाळी निघताना पाहिलं, तर स्कूटीच्या आरशाला एक सेफ्टी पिन अडकवली होती.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. जिन्याची तिसरी पायरी मोडू शकेल असं सर म्हणाले, त्याच आठवड्यात तिच्याखाली दगड बसवलेला दिसला. भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाला म्हणाले, उपाशी पोटी पळून मैदानावर चक्कर येण्याची शक्यता आहे. तो मुलगा मग रोज सरांच्या डब्यातली भाकरी खाताना दिसायचा. वाक्य आधी येई, वस्तू मागून. वस्तूबद्दल सर अवाक्षर काढत नसत. आपण सगळे नेमकं उलट करतो, भीती गिळतो आणि केलेलं मिरवतो.

फाल्गुनात एके दुपारी गारा पडल्या. बीडमध्ये थोड्याच, पत्र्यावर वाजल्या आणि थांबल्या. पण थोड्या वेळानं मुलांच्या मोबाइलवर माजलगावकडचे फोटो यायला लागले. आडवा झालेला ऊस, आणि एका फोटोत रानात मरून पडलेली मेंढरं, गारांसारखीच पांढरी.

एका मुलानं मोबाइल पुढं केला. "सर, हे बघा, तुमची मेंढरं!"

तो उदाहरणातल्या मेंढरांबद्दल बोलत होता. सरांनी फोटो पाहिला, खडू ठेवला आणि बाहेर जाऊन फोन लावला. पुन्हा लावला. माझ्या वर्गापर्यंत फक्त स्पीकरवरची 'स्विच ऑफ'ची सूचना ऐकू येत होती. सरांच्या गावाकडच्या एका मुलानं सांगितलं, तेव्हा आम्हाला कळलं की सरांना मोठा भाऊ आहे, वडवणीकडचा. तो अजून मेंढरं राखतो, आणि सध्या कळप घेऊन माजलगावच्या बाजूला आहे. वर्षभर आम्ही त्याच भावाचा कळप व्याकरण म्हणून शिकत होतो.

सर जिन्यात उभे होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मी वाट बघत होते, आता ते एखादं वाक्य म्हणतील. 'मे' लावून, 'माइट' लावून, कसंही. ते काहीच म्हणाले नाहीत.

मुजीबभाई हात पुसत वर आले. "काय झालं, बेटा?" मी सांगितलं. त्यांनी सरांकडे पाहिलं. "सर गप्प हाय. हे लई वंगाळ लक्षण हाय. चला, बसा गाडीवर."

सरांची बॅच मी घेतली. मुलांनी पुस्तकं उघडली नाहीत. एकजण म्हणाला, "मॅडम, लांडगा कुठवर आलाय?" या वेळी मला खडूही शोधावासा वाटला नाही.

संध्याकाळी मुजीबभाई परतले ते चिखलानं माखून. त्यांनीच हकिकत सांगितली. "पूर्ण रस्ता खड्डे. एक ट्रक असा अंगावर आलता, मीच कलमा पढलो. पण सर? मागं एक शब्द न्हाई! 'डेंजर' न्हाई, 'रिस्क' न्हाई. मला वाटलं, पडलं की काय मागं. दोनदा वळून बघितलं."

"आणि भाऊ?" मुलांनी विचारलं.

"एका गुऱ्हाळाच्या शेडमध्ये मेंढरं घालून बसलता, चिलीम वढत. चार-सहा कोकरं गेली, बाकी सलामत. मोबाइल कधीचा बंद, रानात चार्जिंग कुठलं? आन् सरांना बघून काय म्हणतो? 'कावून आलास रं? आज साळा न्हाई का?'"

"सर काय म्हणाले?"

मुजीबभाईंनी हातावरचा चिखल खरवडला. "काय न्हाई. एक कोकरू ओलं होतं. ते शर्टात घेऊन बसले."

दुसऱ्या दिवशी सर वर्गावर आले आणि पहिल्याच मिनिटाला म्हणाले की पंखा पडण्याची शक्यता आहे. सगळ्या वर्गानं सुटकेचा निःश्वास टाकला.

चैत्राच्या अखेरीस कळप परत फिरला, तेव्हा सरांचे दादा बीडला आले. मोबाइलची बॅटरी बदलायची होती. सर शिकवत होते, म्हणून मी दादांना पाणी दिलं. लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, उन्हानं मिचमिचे झालेले डोळे. पार्टिशनकडे मान करून ते म्हणाले, "काय शिकिवतो ह्यो?"

मला काय सांगावं कळेना. "धोका कसा सांगायचा, ते."

ते हसले. "ते तर त्याला आईच्या पोटातनंच येतं, बाई. आमी ल्हान असताना मेंढराकडं जायचो. दुपारी मेंढरं सावलीला बसली की ह्यो झाडावर चढून बसायचा. दादा, लांडगा यील. दादा, लांडगा यील. तीच टकळी. बाप म्हणायचा, हे पोरगं भित्रं निघालं, घाला साळंत." त्यांनी पाणी संपवलं, भांडं पालथं ठेवलं. "पर मला लई ग्वाड झोप लागायची तवा. वर ह्यो भीतच हाय म्हणल्यावर खाली मी कशाला जागू? त्यो साळंत गेल्यापासनं तशी झोप न्हाई लागली बघा, बाई. आपलंच आपल्याला जागावं लागतं."

मी त्यांना सरांच्या वर्गाच्या दारापर्यंत नेलं. सरांनी त्यांना पाहिलं आणि स्वतःची खुर्ची पुढं केली. दादांनी हातानंच नको म्हटलं आणि शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून, घोंगडी मांडीवर घेऊन बसले. मुलं माना वळवून बघत होती. सरांनी घसा साफ केला. "लिहा. देअर इज अ डेंजर दॅट द वुल्फ मे कम."

वर्गानं म्हटलं, "देअर इज अ डेंजर दॅट द वुल्फ मे कम."

"वी आर अफ्रेड दॅट द लॅम्ब माइट स्ट्रे."

तिसऱ्या वाक्याला दादांची मान कलली. चौथ्याला पागोटं भिंतीला टेकलं. एक मुलगा फिसकन हसला. सरांनी मागं पाहिलं. मला वाटलं, ते थांबतील. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आवाज अगदी खाली आणला, आणि पुढचं वाक्य सांगितलं. मुलांनीही ते कुजबुजत म्हटलं.

तेवढ्यात खाली मुजीबभाईंचं ग्राइंडर सुरू झालं. मी जिना उतरून गेले. आजवर मी त्यांना स्वतःहून कधी काही म्हटलं नव्हतं.

"मुजीबभाई, थोडा वेळ बंद ठेवता का?"

"कावून, बेटा? काय झालं?"

"वर सरांचे दादा झोपलेत."

त्यांनी बटण बंद केलं. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. वरून, हळू आवाजात, एकापाठोपाठ एक धोके येत होते.