मास्तरांचे नाक आणि येत्या हंगामाची लस

विषाणूला शिस्त नसते, म्हणून ती माणसाला पाळावी लागते. फ्लूचा विषाणू वरचेवर रूप बदलतो आणि त्याच्यावरची लस तयार व्हायला निम्मे वर्ष जाते. तेव्हा पुढच्या थंडीत कोणता विषाणू येणार हे या थंडीतच ठरवावे लागते. आधी टोपी शिवायची आणि मग डोक्याची वाट बघायची, असे हे काम आहे. टोपी किती मापाची शिवायची हे एक निवड समिती ठरवते आणि तिला मापे पुरवतात ठिकठिकाणची नमुना केंद्रे. अशाच एका केंद्राच्या प्रमुखांची ही हकिगत.

प्रमुखांना गल्लीत नाकसाहेब म्हणत. त्यांचे केंद्र लोकांच्या नाकातून काडीने नमुना घेई आणि त्यात कोणता विषाणू आहे ते समितीला कळवी. काडी सिस्टर घालत, सही प्रमुख करत. आठवड्याला दहा नमुने, दर शुक्रवारी, न चुकता, असा केंद्राचा लौकिक होता आणि प्रमुखांना त्याचा अभिमान होता. विषाणू उशिरा आला असेल, प्रमुखांचा अहवाल कधी उशिरा आला नाही.

केंद्र दुसऱ्या मजल्यावर होते आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. (ज्याला दोन जिने चढवत नाहीत त्याच्याने अर्ज तरी कुठला भरवणार, असा विचार त्यामागे होता.) वेळ सकाळी नऊ ते अकरा. नमुना कोणाचा घ्यावा याची व्याख्या ठरलेली होती: शंभराच्या वर ताप, सोबत खोकला, आणि दोन्ही ताजे. व्याख्या निर्दोष होती. एवढेच की, ती ज्याला तंतोतंत लागू पडते असा माणूस सकाळी नऊला पांघरुणात असतो.

त्यामुळे फ्लू झालेले लोक केंद्राकडे फिरकत नसत. नमुने तर दहा हवेत. ही अडचण मास्तरांनी दूर केली. मास्तर म्हणजे शेजारच्या इमारतीत राहणारे निवृत्त स्टेशनमास्तर. त्यांना बारमाही खोकला होता, घरी सुनेशी अबोला होता आणि केंद्राच्या बाकावर सकाळचे ऊन छान येई. ते आणि त्यांचे समवयस्क मित्र रोज तिथे येऊन बसत. खोकल्याच्या बाबतीत त्यांच्यावर कोणी बोट ठेवू शकले नसते. ताप कधीमधी कमी पडे, पण त्याची सोय खालच्या कँटीनमधून होई. थर्मामीटर तोंडात धरण्याआधी कडक चहा घोटभर तोंडात घोळवला की पारा शंभर ओलांडे. यात लबाडी कोणाची नव्हती. नमुना देणाऱ्याला चहा द्यावा असे परिपत्रकच होते. तो आधी द्यावा की नंतर, याबाबत परिपत्रक मौन होते.

आता एका बाकावर इतके म्हातारे रोज खोकत बसले की व्हायचे ते होते. जगाने केव्हाच टाकून दिलेला एक जुना विषाणू त्या बाकावर नांदत होता. मास्तरांकडून तो शेजारच्याला जाई, शेजारच्याकडून कोपऱ्यातल्याला, आणि महिन्याभराने पुन्हा मास्तरांकडे येई. अहवालात लिहिले जाई, ‘प्रचलित प्रकार: जुनाच. प्रमाण: शंभर टक्के.’ (बाकापुरते हे अक्षरशः खरे होते.) इतर केंद्रे चार-चार प्रकार कळवून समितीला बुचकळ्यात टाकत, तेही उशिरा. प्रमुखांचे केंद्र एकच प्रकार कळवी, तोही वेळेवर. समितीला असे ठाम मत आवडे.

प्रमुखांच्या आईला यातले काही ठाऊक नव्हते. ऐंशीच्या पुढची बाई, लस आली की पहिल्या दिवशी रांगेत पहिली. लस आपला लेकच बनवतो अशी तिची पक्की समजूत होती. प्रमुखांनी सुरुवातीला ती दुरुस्त करून पाहिली आणि मग सोडून दिली, कारण ऐकायला बरे वाटे. टोचणाऱ्या मुलीला ती दरवर्षी सांगे, “टोच गं बिनधास्त. बाहेरचं नाही, घरचं आहे.”

मग एका थंडीत खरोखरीचा नवा विषाणू शहरात आला. कोपऱ्यावरची बेकरी बंद झाली. शाळेत तीन वर्ग एकात बसू लागले. ड्रायव्हर तापाने पडल्यामुळे प्रमुखांची बस आली नाही, म्हणून ते चालत निघाले आणि वाटेत औषधाच्या दुकानात तापाच्या गोळ्या संपल्याची पाटी त्यांनी वाचली. ज्याला त्याला विचारावे तर उत्तर एकच, हवा बदलली आहे. त्या वर्षी शहराची हवा रोज बदलत होती आणि वेधशाळेला त्याचा पत्ता नव्हता. प्रमुखांना हे दिसत होते, पण डोळ्यांना दिसणे म्हणजे नमुना नव्हे. अहवाल गेला, ‘परिस्थिती शांत.’

समितीची बैठक आठवड्यावर आली असताना प्रमुख स्वतःच टेबलाशी कुडकुडू लागले. अंगात सणकून ताप, खोकला असा की खिडकीची तावदाने वाजावीत. सिस्टर काडी घेऊन समोर उभ्या राहिल्या.

“साहेब, मान वर करा. असा नमुना वर्षात आलेला नाही आपल्याकडे.”

प्रमुखांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. कर्मचाऱ्यांचे नाक चालत नाही, हा नियम त्यांचाच होता. पूर्वी एकदा एका केंद्राने महिनाभराचे सगळे नमुने आपल्याच कारकुनांच्या नाकातून भागवले होते, आणि समितीला वाटले होते की विषाणू फक्त कारकुनांनाच धरतो. तेव्हापासून हा नियम झाला होता.

“नियम म्हणजे नियम, सिस्टर.”

“मग मास्तरांचंच धाडू?”

“ताप आहे का त्यांना?”

“होईल. चहा चाललाय त्यांचा.”

नमुने शुक्रवारी गेले. समितीने सर्व मापांचा साकल्याने विचार करून जुनाच प्रकार निवडला, आणि वक्तशीरपणाबद्दल केंद्राचा गौरव झाला. आई ती थंडी परगावी लेकीकडे काढून आली होती, त्यामुळे तेव्हा बचावली. पुढच्या हंगामाची लस आली तशी ती पुन्हा रांगेत पहिली उभी राहिली, आणि घरचे टोचून घेतले.

थंडी पडली आणि आईला ताप भरला. खोकला तर असा की ती बोलायची थांबली, आणि ती कधी थांबत नसे. घरच्या डॉक्टरांनी इस्पितळात हलवायला सांगितले. वाटेतच केंद्र होते. काय झाले आहे ते एकदा कळू दे म्हणून प्रमुखांनी टॅक्सी तिथे थांबवली आणि तिला हाताला धरून जिन्याशी आणले. चौथ्या पायरीवर ती बसली ती उठेना. प्रमुख कठड्याला धरून उभे राहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत व्याख्येत पूर्णपणे बसणारा माणूस ते प्रथमच पाहत होते, आणि त्याला वर चढता येत नव्हते. त्यांना भीती वाटलीच, पण लाज जास्त वाटली.

आवाज ऐकून मास्तर वरून डोकावले. भला माणूस. लगबगीने खाली आले.

“साहेब, आईंसाठी चहा सांगू का?”

प्रमुखांनी खालूनच सिस्टरांना हाक मारली. अकरा वाजून गेले होते. सिस्टर घड्याळाकडे न बघता काडी घेऊन उतरल्या आणि पायरीवरच नमुना घेतला गेला.

निघाला तो आदल्या थंडीतलाच नवा विषाणू, ज्याच्यापायी बेकरी बंद पडली होती तो. प्रमुखांनी नमुना तातडीचा शेरा मारून समितीकडे पाठवला. समितीने तितक्याच तातडीने परत केला. नमुना केंद्राबाहेर घेतलेला, वेळेनंतर घेतलेला आणि कर्मचाऱ्याच्या नातलगाचा, अशा त्रुटी होत्या. शिवाय त्या आठवड्यात ग्राह्य नमुने नऊच भरल्याबद्दल खुलासा मागवला होता.

आई वाचली. न जुळणारी लसही थोडाफार आधार देते, नसती घेतली तर निभावणे कठीण होते, असे इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितले आणि ते खरे होते. आता पलंगापासून खिडकीपर्यंत जायला तिला मध्ये एकदा बसावे लागते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती धापा टाकत सांगते, “लेकाची लस होती म्हणून वाचले हो.” तिने हे सांगायला सुरुवात केली की प्रमुख उठून स्वयंपाकघरात जातात आणि तहान नसताना पाणी पितात.

खुलासा त्यांनी पाठवला नाही. त्याऐवजी केंद्राचे टेबल उचलून खाली रस्त्याला लागून मांडले, वेळ सकाळपासून दिवेलागणीपर्यंत केली, चहा बंद केला, आणि नाव-पत्ता एवढेच विचारायचे असे ठरवले. येणाऱ्यासाठी टेबलासमोर एक खुर्ची ठेवून स्वतः पलीकडे बसून राहिले. चुकीची सगळी कारणे त्यांनी एकेक करून दूर केली होती.

गेल्या महिन्यात तुम्ही त्या टेबलाजवळून गेलात. अंग मोडून आले होते, डोळे चुरचुरत होते, घसा धरला होता. प्रमुखांनी विचारले, बसता का जरा, एक मिनिटाचे काम आहे. तुम्ही रुमालात खोकलात आणि म्हणालात, काही नाही हो, हवा बदलली आहे. मग गोळी घेऊन कामावर गेलात आणि तिथली हवाही बदललीत.

खुर्ची रिकामी होती, तिच्यावर मास्तर येऊन बसले. येत्या हंगामाची लस त्यांच्या नाकाच्या मापाची आहे. बाही वर करा.